खांद्याच्या बाजूनं

वर्ध्यात आता घोडा दिसतो तो फक्त लग्नसराईत. तुळशीचं लग्न लागलं की आर्वी नाक्यापासून बजाज चौकापर्यंत संध्याकाळी कुठे ना कुठे एखादी पांढरी घोडी जरीची झूल पांघरून उभी असते. पुढे धुमालचा दणदणाट, मागे जनरेटरची गाडी, मध्ये नवरदेव. लोक नवरदेवाकडे बघतात, नाचणाऱ्या पोट्ट्यांकडे बघतात, मोबाइल वर धरून व्हिडिओ काढतात. घोडीकडे सहसा कुणी बघत नाही. बघितलं तर कळेल की तिचे कान एका जागी ठरत नाहीयेत, नाकपुड्या रुंदावल्या आहेत, डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय आणि लगाम धरलेला माणूस सारखं काहीतरी पुटपुटतोय. तो काही मंत्र म्हणत नसतो. ‘हौ माय, हौ माय, झालंच आता,’ एवढंच चाललेलं असतं.

अशा एका घोडीवाल्यांशी माझी ओळख आहे. मी त्यांना मामा म्हणतो. त्यांचा तबेला म्हणजे टिनाचं छप्पर, चोपून घट्ट केलेली मातीची जमीन, कोपऱ्यात ज्वारीच्या कडब्याच्या पेंढ्या आणि खुंटीला टांगलेले तोबरे. दोन घोड्या जुन्या, रुळलेल्या. वरात काय नि बैलबाजार काय, त्यांना सारखंच. तिसरी सोनी. ती सारंगखेड्याहून आली. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तिच्यासोबत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. पांढऱ्या घोड्याला, म्हणजे नुकऱ्याला, तिथे चांगला भाव येतो, आणि लग्नाच्या घोडीचा रंग पांढराच हवा असा हट्ट धरणारे वरपिते महाराष्ट्रभर आहेत. सोनी रंगानं अगदी हवी तशी. दिसायला देखणी, आणि स्वभावानं पराकोटीची बुजरी. छत्री उघडली की बुजायची, प्लास्टिकची पिशवी वाऱ्यानं सरकली की बुजायची, आणि सगळ्यात जास्त बुजायची ती डाव्या बाजूनं उचललेल्या हाताला. ‘कोणीतरी मारलेली दिसते,’ मामा म्हणाले. ‘हात वर झाला का तिचं डोस्कं आधी वर जाते.’

बाजारात हे दिसलं नव्हतं का? दिसलं होतं. म्हणूनच ती त्यांच्या ऐपतीत बसली.

सोनीला खरारा करायचा तर त्याची सुरुवात खराऱ्यापासून होत नाही. मामा तबेल्याच्या चार पावलं अलीकडूनच बोलायला लागतात. काय बोलतात त्याला महत्त्व नाही. कधी वरातीचे पैसे कुणी बुडवले ते सांगतात, कधी कापसाचा भाव. आवाज मात्र एका पट्टीत. मला पहिला धडा त्यांनी तिथेच दिला. ‘भाऊ, आधी तिले समजू द्या का तुम्ही येऊन राह्यले. मंग जवळ या. सामोरून नोका येऊ, मागून तर बिलकुलच नोका. खांद्याच्या बाजूनं या.’

यामागे डोळ्याचं साधं गणित आहे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उभ्या जागी, मान न वळवता, त्याला आपल्याभोवतीचं जवळजवळ 350 अंशांचं जग दिसतं. दिसत नाही ते फक्त शेपटीच्या थेट मागचं आणि कपाळाच्या अगदी पुढचं. आणि आपण माणसं घोडा दिसला की काय करतो? हात पुढे करून सरळ कपाळाला लावायला जातो. आपल्याला वाटतं आपण माया करतोय. तिला वाटतं, काहीतरी आत्ता दिसत होतं ते नाहीसं झालं आणि पुढच्या क्षणी कपाळावर येऊन आदळलं. गवताळ रानात वाढलेल्या, वाघ-लांडग्यांचं भक्ष्य असलेल्या जातीच्या रक्तात अशा वेळी एकच उत्तर मुरलेलं आहे: आधी पळा, मग विचार करा. आपण त्याला खोड म्हणतो. हजारो पिढ्या ज्यांनी आधी विचार केला ते घोडे आज आपल्याला भेटायला उरलेले नाहीत.

खांद्याजवळ पोचलं की हात खांद्यावर ठेवायचा. थोपटायचं नाही. हिंदी सिनेमातला नायक घोड्याच्या मानेवर फटाफट थापा मारतो, ते सोनीसारखीला माराचंच वाटतं. तळहात सपाट ठेवायचा आणि तिथेच राहू द्यायचा. कातडी थरथरते. घोड्याच्या कातडीखाली एक पातळ स्नायू असतो, बसलेली माशी तो नुसत्या थरथरीनं उडवतो. ज्या अंगाला माशीचं वजन कळतं त्याला तुमच्या बोटांतली घाई कळणारच. थरथर थांबली, कातडी सैल पडली, की हात काढायचा. यातच सगळी मेख आहे. ती ताठ असताना, मान वर करून बाजूला सरकत असताना हात काढला, तर ताठ झालं की माणूस जातो एवढंच ती शिकते. उद्या ती अधिक ताठ होईल. ती सैलावल्यावर काढला तर सैलावल्यानं मोकळीक मिळते हे तिच्या ध्यानात येतं. फरक एका श्वासाचा असतो. मामांना तो बरोबर साधतो. घोड्यांना वळण लावण्यावरची मोठाली इंग्रजी पुस्तकं पुन्हा पुन्हा हेच सांगतात, पण मामा पुस्तक वाचून ते शिकलेले नाहीत. वडिलांच्या हाताखाली शिकले, आणि वडील टांगा हाकायचे.

मग हात हळूहळू वर, आयाळ जिथे संपते आणि पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत. तिथे बोटांनी खाजवायचं, चांगलं जोर लावून. दोन घोडे एकमेकांजवळ उलटसुलट उभे राहून दातांनी एकमेकांची जी जागा खाजवतात ती हीच. 1993 साली क्लोदिया फे आणि झान द माझिएर या दोघींनी फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला: या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, दुसरीकडे खाजवलं तर तसं होत नाही. विसाव्याच्या वेळी घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण 30 ते 40 असतात, भीतीनं ते भराभर चढतात. मामांकडे ठोके मोजायचं यंत्र नाही. ते खालच्या ओठाकडे बघतात. ओठ लोंबायला लागला, एक कान बाजूला पडला, तोंडात काही नसताना जीभ-जबडा हलला, की म्हणतात, ‘आली. आता आणा खरारा.’

खरारा रबराचा. लोखंडी दातांचा जुना एक भिंतीला आहे, पण सोनीच्या अंगाला तो लावत नाहीत. नुकऱ्याची कातडी पांढऱ्या केसांखाली गुलाबी आणि नाजूक असते, वर्ध्याच्या उन्हात नाकाच्या शेंड्यावर करपतेसुद्धा. डाव्या मानेपासून सुरुवात, लहान लहान गोल फिरवत. करड्या कोंड्याची रेघ केसांवर उठते, खरारा भिंतीवर आपटून झाडायचा असतो. सोनीपाशी मात्र तो झाडताना आवाज करायचा नाही, जमिनीशी वाकून झाडायचा. मांसल भागावर जोर, हाडाच्या भागावर नाही: तोंड, गुडघ्याखालचे पाय, पाठीचा कणा यांना खरारा लावायचाच नाही, तिथे मऊ ब्रश नाहीतर ओलं फडकं. खराऱ्यामागून ब्रश, तो केसांच्या दिशेनं. पोटाखाली आणि जांघेजवळ तिला गुदगुल्या होतात, तिथे ती शेपटी झटकते. ती झटकली की मामा रागावत नाहीत, मागे सरकून परत खांद्यावर येतात आणि तिथून पुन्हा पोटाकडे जातात. जिथपर्यंत तिची तयारी तिथपर्यंत आज, पुढचं उद्या. सुरुवातीला म्हणे डावी बाजू होण्यातच सकाळ जायची, उजवी तशीच धुळीत.

मागच्या बाजूला जायचं तर दोनच रस्ते: एकतर लाथेच्या टप्प्याबाहेरून लांब वळसा, नाहीतर हात पुठ्ठ्यावरून न उचलता अगदी अंगाला चिकटून. मधल्या अंतरात लाथ पूर्ण जोरानं बसते. शेपटी विंचरताना पाठीमागे नाही, बाजूला उभं राहायचं, आणि गुंता खालच्या टोकाकडून बोटांनी सोडवायचा. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही. घोडी उसळली तर बोटं दोरीसोबत जातात. नवख्या पोराला मामा या गोष्टी खरारा हातात देण्याआधी म्हणून दाखवायला लावतात, पाढ्यांसारख्या.

खुराचं काम सगळ्यात अवघड. पळून जगणाऱ्या जनावराकडे त्याचा पाय मागणं म्हणजे त्याचा जीवच मागणं. खांद्यापासून हात पायाच्या मागच्या बाजूनं खाली आणायचा, नळीपाशी हलका दाब. पाय उचलला की धरायचा, पण आधी क्षणभरच, आणि तिनं ओढायच्या आत आपणच अलगद खाली ठेवायचा. हे जमायला लागलं की मग आकड्यानं टाचेकडून टोकाकडे चिखल, खडे, शेण खरवडायचं. मधला मऊ त्रिकोणी भाग दुखवायचा नाही. नालबंद आता वर्ध्यात हाकेच्या अंतरावर मिळत नाही. साधारण दीड महिन्यानं नाल काढून खूर छाटावे लागतात, आणि नालबंद कधी येईल ते त्याच्या फोनवर. तो येईपर्यंत घोडीला हातोडीच्या ठोक्याची सवय व्हावी म्हणून मामा रोज एका दगडानं तिच्या खुरावर हलके हलके टकटक करतात.

आपला जिल्हा तसा बैलांचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होते, लोणी-हळद लावून बैलाचे खांदे चोळतात, त्याला जेवणाचं आवतन देतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा बघायला लांबून लोक येतात, तिथले लाकडी नंदी माणसाहून उंच असतात. आर्वी-कारंजाकडची गवळाऊ गुरं तर या मातीचीच, पांढरी, हलक्या बांध्याची, चपळ. मराठ्यांच्या फौजेचं सामान झपाट्यानं हलवायला ती नावाजलेली होती, आणि कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला त्यांच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. त्यामुळे बैलाला हात कसा लावायचा हे इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. घोड्याचं तसं नाही. घोडा इथे कायम परका, आधी फौजेचा, मग टांग्याचा, आता वरातीचा. एके काळी त्याचाही मान होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षावर एक अख्खं प्रकरण आहे, त्यात घोड्यांच्या आंघोळीचे, चंदनाचे, माळांचे नियम आहेत आणि आश्विनातल्या नवमीला त्यांना ओवाळायला सांगितलं आहे. मामांकडे दसऱ्याला तिन्ही घोड्यांना कुंकू लागतं. बाकी गावाला त्याची खबर नसते.

टांग्यांच्या काळात मात्र घोडा ओळखीचा होता. सेवाग्रामला जाणाऱ्या पाहुण्यांना वर्धा स्टेशनवर उतरलं की टांगाच घ्यावा लागे. जून 1942 मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर गांधीजींसोबत आठवडाभर राहायला आले तेही टांग्यातूनच आश्रमात गेले, आणि सोबत गांधीजींचे दंतवैद्य होते. त्या टांग्याच्या घोड्याबद्दल कुणी काही लिहून ठेवलेलं नाही. जगभरच्या बातम्या ज्या रस्त्यावरून जात होत्या त्या रस्त्यावर ओझं ओढणारा तोच होता. टांग्याच्या घोड्याला झापडं असत. मागची चाकं, छत्र्या, सायकली दिसूच नयेत, दिसलं नाही तर बुजणार नाही, हा त्यामागचा हिशेब. झापडं हा भीतीवरचा जुना आणि स्वस्त उपाय. नवरदेवाच्या घोडीला ती बांधता येत नाहीत, कारण फोटोत डोळे दिसायला हवेत.

मग उरतो तो वेळखाऊ उपाय. संध्याकाळी तोबऱ्यात भिजवलेला हरभरा घातला की मामा लांब, कुंपणाशी, काठीला बांधलेली प्लास्टिकची पिशवी रोवून ठेवतात. सोनी कान टवकारून बघते, फुरफुरते, आणि भूक असल्यानं शेवटी तोबऱ्यात तोंड घालते. काही दिवसांनी काठी दोन हात जवळ. धुमालचंही तसंच: भाच्याच्या मोबाइलवर वरातीचा आवाज, आधी रस्त्यापलीकडून, बारीक. ती खायची थांबली तर तो पोरगा मागे जातो. ती पुन्हा खायला लागली की पुढे. ग्रीक सेनानी झेनोफन यानं सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी घोडेस्वारीवर जो ग्रंथ लिहिला त्यात मोतद्दारांना हेच बजावलं आहे: घोड्याला गर्दीतून, निरनिराळ्या आवाजांतून न्या, ज्या वस्तूला तो भितो तिच्यात काही भय नाही हे त्याला शांतपणे कळू द्या. भ्यालेल्या घोड्याला मारलं तर त्या वस्तूसोबत मारही त्याच्या मनात जोडला जातो, आणि रागात घोड्याजवळ जाऊच नये. तेव्हापासून आजवर यात भर पडली ती ठोके मोजण्याची.

दुसरा रस्ता आहेच, आणि तो झटपट आहे. काटेरी कडियाळी घालायची. तोंडात काटे रुतले की घोडी पुढे उसळत नाही, जागच्या जागी थयथयते, लोकांना वाटतं नाचतेय. जनावर हाकताना किंवा त्यावर बसताना काटेरी लगाम वापरायला 1965 च्या केंद्रीय नियमांनी बंदी आहे. तरी तसले लगाम बाजारात मिळतात. वरातीत घोडी ‘नाचली’ म्हणून नोटा ओवाळणाऱ्यांनी एकदा तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात बघावं. मामांचं याबद्दलचं मत छापण्याजोगं नाही. त्यांच्या कडियाळीचा दांडा गुळगुळीत आहे, वापरून वापरून चकाकणारा.

यात त्यांचा दयाळूपणा आहेच, पण नुसता दयाळूपणा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजेत दोन तऱ्हेचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. शिलेदार घोड्याला जिवापाड जपायचा, कारण घोडा गेला तर त्याची रोजीरोटीच गेली. मामा शिलेदार आहेत. सोनी बिथरून कुणाच्या अंगावर गेली तर नुकसानभरपाई त्यांच्या खिशातून, आणि पडून तिचा पाय मोडला तर घोडीही त्यांचीच. वरातीतला बाकी प्रत्येक जण बारगीर. दोन तासांचं भाडं भरलं, घोडी सरकारी.

सोनीची पहिली वरात सेलूकडच्या एका गावात होती. मामांनी मुद्दाम छोटी वरात निवडली होती. गल्ली लहान, धुमाल नाही, साधा बँड. नवरदेवाला आधीच सांगितलं होतं की बसताना टाच मारू नका, लगामाला हात लावू नका, लगाम मी धरतो. नवरदेव शहाणा होता, त्यानं ऐकलं. ती अर्ध्या रस्त्यापर्यंत व्यवस्थित गेली. मग कुणीतरी उत्साहानं फटाक्यांची लड तिच्या पायांपासून हातभरावर लावली. ती उसळली नाही. चारी पाय रोवून उभी राहिली, कातडी मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत लाटेसारखी थरथरत, आणि घाम असा फुटला की खोगिराखालची झूल भिजली. मामांनी नवरदेवाला उतरवलं, लड संपेपर्यंत तिच्या खांद्यावर सपाट हात ठेवून उभे राहिले, कापसाच्या भावाबद्दल बोलत. वऱ्हाडी चिडले. मुहूर्त टळतोय म्हणाले. मुहूर्त तासभर आधीच नाचण्यात टळला होता, पण त्याचा दोष घोडीवर आला. ठरलेल्या भाड्यातले पैसे कापून दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनीनं खांद्याला हात लावू दिला, मात्र खरारा नाही. मामांनी तो परत खुंटीला अडकवला आणि पुन्हा सपाट हातापासून सुरुवात केली. आता ती पुन्हा वरातीला जाते, लहान वरातीला, आणि मामा आगाऊ विचारून घेतात: धुमाल किती मोठा, रस्ता किती रुंद, फटाके कोण लावणार. काही लोक या प्रश्नांना हसतात आणि दुसऱ्या घोडीवाल्याकडे जातात. तिकडे प्रश्न विचारत नाहीत.

तुमच्या घरी लग्न निघालं आणि घोडी ठरवायला गेलात, तर जो घोडीवाला तुम्हाला असे प्रश्न विचारेल त्याचीच घोडी घ्या. लड लावायची तर वरातीच्या पुढच्या टोकाला, घोडीपासून लांब लावा, आणि ती कोण लावणार हे आधी ठरवा. लेकरांना तिच्या मागून जाऊ देऊ नका. आवाजाची भिंत उभी करणाऱ्याला स्पीकरचं तोंड घोडीकडून फिरवायला सांगा. रात्री 10 नंतर तो बंद करायचाच असतो, हे 2000 सालापासून नियमात लिहिलेलं आहे. घोडीवाला ‘थांबा’ म्हणाला तर थांबा, तो उगाच म्हणत नाही. दोन तास ठरले असतील तर दोन तासांत तिला मोकळं करा, ठरलेले पैसे पूर्ण द्या, आणि जेवणाच्या पंगतीआधी तिला एक बादली पाणी विचारा.